दुसरी आवळणी

“...मग मला कारण का नाही सांगितलंत, वस्ताद?”

मोहिद्दीन वस्तादांनी मान वर केली नाही. पुढ्यात घासलेटचं घमेलं होतं आणि त्यात ते एक वॉल्व्ह बोटांनी चोळत होते.

भालचंद्र पालशेतकर शेडच्या दारातच उभा होता. सत्तावीस वर्षांनी आला होता. ‘कसे आहात’ नाही, ‘ओळखलंत का’ नाही. गाडीत सहा तास घोळवलेला प्रश्न त्यानं उंबऱ्यावरूनच आत टाकला होता.

“कोण?” वस्तादांनी विचारलं.

“भालू.”

आता त्यांनी वर पाहिलं. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. बराच वेळ पाहत राहिले.

“पोट सुटलंय,” ते म्हणाले. “आत ये. उन्हात नको उभा राहूस.”

केळवडे बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारी ही एवढी एकच शेड. पत्रे तेच, फक्त जास्त गंजलेले. वस्ताद आता एक्याऐंशीचे झाले होते. उजवा हात मधूनच थरथरायचा, आणि थरथरला की ते तो मांडीखाली दाबून धरायचे.

शेडच्या मधोमध, दोन जाड ओंडक्यांवर, चार सिलिंडरचं एक डिझेल इंजिन बसवलेलं होतं. होडीतून काढून त्यात नवं गॅस्केट टाकलं होतं. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये दाबून बसणारी ती पातळ, भोकाभोकांची पट्टी. आतला जाळ आत ठेवायचा आणि पाणी पाण्याच्या वाटेनं जाऊ द्यायचं, एवढंच तिचं काम. इंजिन नुकतंच चालवून बंद केलेलं असावं. त्याच्या अंगावरची हवा अजून लवलवत होती.

“बस,” वस्ताद म्हणाले. “दहाला बंद केलंय. गार व्हायला दोन वाजतील.”

“मला तेवढा वेळ नाही. चिपळूणला माणसं थांबलीत माझ्यासाठी.”

“मग उभा राहा.”

भालचंद्र बसला. उपड्या क्रेटवर, रुमाल अंथरून.

तो आता नुसता भालू राहिला नव्हता. नवी मुंबईत त्याचे दोन कारखाने होते, मोठ्या बोटींची इंजिनं त्याच्याकडे यायची. हाताखाली चाळीस माणसं. लोक त्याला पालशेतकरसाहेब म्हणायचे. गेल्या दहा वर्षांत त्यानं स्वतः पाना धरला नव्हता.

गेल्या महिन्यात त्याच्या एका फिटरनं, तांबे नावाच्या चांगल्या चाळिशीतल्या माणसानं, इंजिन गरम असतानाच हेडचे बोल्ट दुसऱ्यांदा आवळले. भालचंद्रनं सगळ्यांच्या देखत त्याला फैलावर घेतलं. गरम असताना का आवळायचं नाही, हे अर्धा तास समजावून सांगितलं. तांबेनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, हे कारण आधी कुणी सांगितलं असतं, तर कशाला घाई केली असती?”

 भालचंद्र तसाच केबिनमध्ये निघून गेला.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हाती काहीतरी लागलं होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकता येईल असं.

म्हणून तो आला होता.

“तुम्ही एवढंच म्हणायचात,” तो म्हणाला. “गार झाल्यावर पुन्हा आवळ. शंभरदा म्हणाला असाल. पण का, ते एकदाही नाही.”

“नाही सांगितलं.”

“का?”

वस्तादांनी वॉल्व्ह घमेल्यातून काढला, चिंधीनं पुसला, बाजूला ठेवला.

“मला ठाऊक नव्हतं,” ते म्हणाले.

...

भालचंद्रला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“काय?”

“मला कारण ठाऊक नव्हतं, भालू. माझे वस्ताद म्हणायचे, गार झाल्यावर पुन्हा आवळ. मी आवळायचो. त्यांना कुणी सांगितलं असेल, ते आवळायचे.”

“तुम्ही विचारलं नाहीत?”

“नाही.”

बाहेर कुणीतरी होडीच्या बुडाला चिकटलेली कालवं खरवडत होतं. तो खर्र खर्र आवाज बराच वेळ येत राहिला.

सहा तास घोळवलेल्या प्रश्नाचं असं उत्तर भालचंद्रनं धरलं नव्हतं. वस्ताद चिडतील, जुनं काढतील, ‘विचारायची अक्कल तुला नव्हती’ म्हणतील. त्या सगळ्याला तो तयार होता. याला नव्हता.

“तुला आता ठाऊक आहे?” वस्तादांनी विचारलं.

“हो.”

“सांग मला.”

ते स्टुलावरून उठले. भिंतीला धरून चालत त्याच्या समोर आले आणि खाली, जमिनीवर, मांडी घालून बसले. भालचंद्र गडबडला. तो क्रेटवर आणि वस्ताद खाली... तोही उठू लागला.

“तू बस वर,” वस्ताद म्हणाले. “सांग.”

मग त्यानं सांगितलं. आधी अडखळत, मग नेहमीच्या सवयीनं. नवं गॅस्केट पहिल्यांदा तापतं तेव्हा ते मऊ पडून आणखी दबतं. ते दबलं की बोल्टांचा ताण उतरतो. बाहेरून काही दिसत नाही, पण पकड गेलेली असते. म्हणून पुन्हा आवळायचं. मात्र गरम लोखंड फुगलेलं असतं, त्या वेळी पाना जो जोर सांगतो तो खरा नव्हे. गार झाल्यावर धातू आपल्या मापावर येतो, तेव्हा खरं काय ते कळतं.

“आणि आधी थोडा सैल का करायचा?” वस्तादांनी विचारलं. “तेही आम्ही करायचो.”

“बोल्ट आट्यांत धरून बसलेला असतो. नुसता पुढे ओढला तर हलत नाही, आणि आपल्याला वाटतं घट्ट आहे.”

“हं...”

वस्ताद डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. ऐकलेलं पुन्हा मनात म्हणत असावेत.

“चांगलं आहे,” ते शेवटी म्हणाले. “कळलं. साठ वर्षं करत होतो, आज कळलं.”

आपण भांडायला आलो होतो, हे तो क्षणभर विसरला होता.

मग वस्तादांनी डोळे उघडले.

“आणि हे तेव्हा ठाऊक असतं,” त्यांनी विचारलं, “तर थांबला असतास?”

...

ते नारळी पौर्णिमेच्या आधीचे दिवस होते. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली की पहिल्या दिवशीच समुद्रात जायला सगळ्या होड्या टपलेल्या. ‘जयभैरी’ नावाच्या होडीच्या इंजिनाचं गॅस्केट गेलं होतं. भालू तेव्हा चोवीस वर्षांचा. वस्तादांच्या हाताखालचा सगळ्यांत हुशार गडी, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. वस्ताद म्हणाले, हे हेड तू एकट्यानं बसव.

त्यानं ते होडीतच, इंजिनाच्या खोलीत उतरून बसवलं. आटे साफ केले, तेलाचा हात फिरवला. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून बाहेर बाहेर जात, तीन फेऱ्यांत, थोडा थोडा जोर वाढवत सगळे बोल्ट आवळले. त्या कामात खोट नव्हती. तासभर इंजिन चालवलं आणि दुपारी एकला बंद केलं.

आता पाचेक वाजेपर्यंत थांबायचं होतं.

पण साडेतीनला शेजारच्या गावात कबड्डीची फायनल होती. भालू केळवड्याचा चढाईपटू. दोनची एस.टी. चुकली तर फायनल चुकली.

त्यानं दीड वाजता, तापलेल्या इंजिनावर ओणवून, भराभर पाना फिरवला. टक्, टक्, टक्. ठरलेला जोर लागला की टक् म्हणणारा लांब पाना. बोल्ट अठरा, आणि तो अठराही वेळा टक् म्हणाला.

केळवडे जिंकलं. संध्याकाळी तो ढाल खांद्यावर घेऊन शेडवर आला.

“बोल्ट आवळलेस?” वस्तादांनी विचारलं होतं.

“आवळले.”

“गार झाल्यावर?”

“हो.”

तिसऱ्या दिवशी ‘जयभैरी’ समुद्रात गेली. चौथ्या दिवशी, दक्षिणेचा वारा भरलेला असताना, इंजिनात पाणी शिरलं आणि ते बंद पडलं. नांगर टाकला, त्याचा दोर तुटला. होडी किनाऱ्याजवळच्या खडपाकडे, खडकांकडे वाहायला लागली. होडीवर सातजण होते. होडी हाकणाऱ्या तांडेलानं उड्या मारा म्हटल्यावर सहाजण तरंगत्या पिंपांना धरून पाण्यात उतरले आणि किनाऱ्याला लागले.

सातवा काशीनाथ. इंजिनाकडं बघायचं काम त्याच्याकडे असायचं.

देवळासमोरच्या बैठकीत तांडेल रडत रडत बोलला होता. “मी ओरडलो, काशा, वर ये. तो खालून म्हणाला, भालूनं बांधलंय हे इंजिन, थांब, सुरू होईल...”

सगळं गाव वस्तादांकडे वळलं होतं. वस्ताद मान खाली घालून बसले होते. एक शब्द बोलले नाहीत.

भालू उठला, चपला घातल्या आणि मिळेल त्या गाडीनं मुंबईला गेला. पुढं आईबापांनाही त्यानं तिकडेच नेलं. आपल्यावर सगळं ढकलून वस्ताद नामानिराळे राहिले, ही गोष्ट त्यानं तेव्हापासून मनात जपून ठेवली होती. आजारी माणूस औषधाची बाटली उशाशी ठेवतो तशी.

...

“भालू. थांबला असतास?”

“फायनल होती,” भालचंद्र म्हणाला.

आवाज त्याचाच होता, पण चोवीस वर्षांच्या पोराचा वाटला.

त्यानं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. ‘मला कुणी कारण सांगितलं नाही’ हे वाक्य त्यानं महिनाभर घासून घासून लखलखीत केलं होतं, आणि आता ते या जमिनीवर, तेलाच्या डागांमध्ये, नुसतंच पडून होतं.

“मी खोटं बोललो, वस्ताद. गार झाल्यावर नाही आवळले. गरम असतानाच...”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“त्याच संध्याकाळपासून.”

भालचंद्रनं मान वर केली.

“तुझ्या मनगटावर भाजलेलं होतं,” वस्ताद म्हणाले. “ढाल धरली होतीस ना, तिथं. एवढा लांब फोड. गार इंजिनानं कुणी भाजत नाही.”

भालचंद्रचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावरच्या घड्याळावर गेला. घड्याळाच्या पट्ट्याखाली तो व्रण अजून होता.

“मग बोलला का नाहीत?”

वस्तादांनी जमिनीवरच्या तेलाच्या डागावर अंगठा घासला.

“हसत होतास,” ते म्हणाले. “तुझा बाप दारू पिऊन तुला मारायचा. चार वर्षं माझ्याकडे होतास, मी तुला हसताना फारसा पाहिला नव्हता. त्या दिवशी ढाल घेऊन आलास आणि... म्हटलं, आता नको. सकाळी मीच आवळीन.”

“सकाळी?”

“सकाळी मी होडीवर गेलो. पाना घेऊन. इंजिनाच्या खोलीत उतरलो. टोकाचे दोन बोल्ट हाताशी होते, ते पाहिले. सैल करून नाही, नुसता पुढं ओढून पाहिला पाना. टक् म्हणाला. दोन्ही वेळा. मधले बोल्ट पाहायचे तर वाकून धुराच्या पाइपाखाली शिरायला हवं होतं. वरून होडीचा मालक, नाखवा, हाका मारत होता. झालं का, वस्ताद? बर्फ भरायचाय, झालं का?”

...

“मी म्हटलं, झालं.”

कालवं खरवडण्याचा आवाज केव्हाच थांबला होता.

भालचंद्रला काय वाटायला हवं होतं, ते त्याला कळेना. एवढी वर्षं त्याला वाटत होतं, वस्तादांकडून असं काही ऐकायला मिळालं तर आपण हलके होऊ. चूक आपली एकट्याची नव्हती. हे घ्या, वाटून घेतलं.

पण ओझं वाटलं गेलं नाही. त्याचं सगळं त्याच्यापाशीच राहिलं. वर आता समोरच्या म्हाताऱ्याचंही सगळं दिसायला लागलं होतं.

“बैठकीत तरी बोलायचं होतंत,” तो म्हणाला. रागानं नव्हे.

“हो. बोलायला हवं होतं.”

“मी तुमच्याकडे पाहत होतो.”

“मला दिसत होतं.”

“मग?”

“भ्यालो,” मोहिद्दीन वस्ताद म्हणाले. “दुसरं काय?”

बारा वाजत आले होते तेव्हा शेडच्या दारात सावली पडली. ज्याचं इंजिन होतं तो हिराजी नाखवा आला होता, तिशीतला तरणा गडी. मागे पाच-सहा माणसं, दोर आणि वासे घेऊन.

“वस्ताद, झालं का? इंजिन उचलायला माणसं आणलीत. आज होडीत बसलं नाही तर माझी उद्याची भरती चुकते.”

वस्तादांनी तोंड उघडलं. पण त्याआधी भालचंद्र क्रेटवरून उठला. इंजिनापाशी गेला, तळहात हेडवर टेकवला आणि तसाच ठेवला.

“गार नाही झालं,” तो म्हणाला.

“अहो, हाताला तर काही लागत नाहीये. हे बघा, मीही लावलाय...”

“वरून नाही लागत. आत आहे. माणसांना जेवून यायला सांगा.”

हिराजीनं त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. मग वस्तादांना विचारलं, “हे कोण?”

“इथलाच आहे,” वस्ताद म्हणाले.

नाखवा कुरकुरत गेला. माणसं माडांच्या सावलीत जाऊन बसली.

भालचंद्रचा फोन दोनदा वाजला. चिपळूणची माणसं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं तो बंद करून खिशात टाकला.

मग दोघं बसून राहिले. पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा कवडसा जमिनीवरून सरकत इंजिनाच्या पायापर्यंत गेला. असं नुसतं इंजिनापाशी बसून ते गार होण्याची वाट भालचंद्रनं शेवटची कधी पाहिली होती, ते त्याला आठवेना. किती साधं होतं हे. काही करायचं नव्हतं. फक्त इथं असायचं होतं.

एवढंसं होतं... आणि आपल्याच्यानं तेवढं झालं नाही.

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. वस्ताद घमेल्यातलं घासलेट गाळत राहिले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दोन वाजून गेल्यावर ते म्हणाले, “बघ आता.”

भालचंद्रनं हात लावला. वरून, मग बाजूनं, मग खाली बोटं घालून.

“झालं गार.”

“माझा हात थरथरतो. पहिल्या वेळचे अठरा बोल्ट मी कसेबसे आवळले, तीन दिवस लागले. हे तू कर.”

भालचंद्रनं घड्याळ काढून ठेवलं. बाह्या दुमडल्या. लांब पाना हातात घेतला आणि त्याच्या वजनानं क्षणभर त्याचं मनगट खाली गेलं.

मधला बोल्ट. थोडा सैल. मग सावकाश, एका दमात, टक् होईपर्यंत. मग त्याच्या समोरचा. मग शेजारचा. मधून बाहेर. वस्ताद ओठांत मोजत होते.

सातव्या बोल्टाला त्यानं पाना लावला आणि सवयीनं सरळ पुढे ओढला. बोल्ट जागचा हलला नाही. पाना लगेच टक् म्हणाला.

तो थांबला.

वस्तादांचं मोजणं थांबलं.

त्यानं बोल्ट सैल केला. कर्र असा आवाज आला. मग पुन्हा आवळत नेला. तो मघाच्या जागेवर आला, ओलांडून पुढे गेला, अजून पुढे गेला, जवळपास पाव फेरा, आणि मग कुठं टक् झालं.

भालचंद्र त्या बोल्टाकडे पाहत राहिला. कानाला दोन्ही टक् एकसारखेच आले होते. मघाचा खोटा होता आणि हा खरा होता, आणि कानाला त्यात काही फरक नव्हता.

“आठवा,” वस्ताद म्हणाले.

अठराही झाले. भालचंद्रचा शर्ट पाठीला चिकटला होता, बोटं काळी झाली होती. टोकाचे दोन बोल्ट त्यानं सगळ्यांत शेवटी आवळले. त्यांना पाना लावताना वस्तादांनी मान दुसरीकडे फिरवली, हे त्याला दिसलं.

माणसं आली. वासे घातले, दोर बांधले, आणि हय्या हय्या करत इंजिन उचलून पुळणीच्या वाळूवरून होडीकडे नेलं. शेड एकदम मोठी वाटायला लागली. ओंडक्यांवर तेलाचे दोन ओले ठिपके राहिले होते.

भालचंद्रनं हात धुतले. चिंधीला पुसले. घड्याळ हातात घेतलं, पण मनगटावर बांधलं नाही.

“यमुनावहिनी...” तो म्हणाला. काशीनाथाची बायको. तेव्हा सव्वीस वर्षांची होती, कडेवर पोरगी होती. “आहेत?”

“आहे. तिथंच राहते, जेटीच्या वरच्या अंगाला. सुकी मासळी विकते. पोरीचं लग्न झालं, गुहागरला दिलीय.”

“तुम्ही जाता?”

“वर्षातून एकदा. त्या दिवशी.”

“त्यांना सांगितलंत? दोन बोल्टांचं?”

“दुसऱ्याच वर्षी सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

वस्ताद ओंडक्यावर टेकले.

“म्हणाली, वस्ताद, बाकीचे सोळा का नाही पाहिलेत?”

...

“तुम्ही काय सांगितलंत?”

“खरं तेच. कंबर दुखत होती म्हटलं.”

भालचंद्रनं डोळे मिटून घेतले.

“ती उठून आत गेली,” वस्ताद म्हणाले. “मी बसून राहिलो ओटीवर. मग उठून आलो. पुढच्या वर्षी परत गेलो.”

“आणि माझं? मी गरम असताना आवळले ते?”

“ते मी नाही सांगितलं. गावात लोक काहीबाही बोलतात, तिनंही ऐकलं असेल. पण माझ्या तोंडून नाही. ते माझं नव्हे सांगायला.”

बाहेर समुद्राला भरती लागली होती. पुळणीवरून माणसांचे आवाज येत होते, हिराजी नाखवा कुणावर तरी ओरडत होता. जेटीच्या वरच्या अंगाची घरं इथून दिसत नव्हती, मध्ये माडांची रांग होती. चालत गेलं तर पाच मिनिटांची वाट.

भालचंद्र दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर थांबला. चाळीस माणसांना एका आवाजात गप्प करणारा पालशेतकरसाहेब, दाराची चौकट धरून उभा राहिला.

“वस्ताद...”

“हं.”

“जाऊन सुरुवात कशी करू? काय बोलू?”

मोहिद्दीन वस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“ती आधी चहा विचारील,” ते म्हणाले. “नको म्हणू नकोस.”